छपरावरची फुली

पूल नदीत पडला होता.

खरा पूल जागेवरच होता, त्या घटकेलाही त्यावरून ट्रक धडधडत जात असणार. पडला होता तो थोरलीच्या संगणकावर. विमानातून काढलेला फोटो उपग्रहाच्या चित्रावर नीट बसवला की दोन्हींतले पूल एकावर एक यायला हवेत. इथे एक पूल शहाण्यासारखा रस्त्याच्या टोकाला होता, आणि दुसरा सरकून नदीच्या मधोमध आडवा झाला होता.

“कोणी ढकलला?” शेजारच्या टेबलावरून पिक्सेलने मान लांब केली. पन्नाशीचा, टक्कल पडलेला हा नकाशेवाला. नकाशातला एक बारीकसा चौकोन चुकीच्या रंगाचा राहिला तरी त्याला घास गिळवत नसे, म्हणून खात्याने त्याला हे नाव ठेवलं होतं.

“तुझ्या लाडक्या प्रोग्रामने,” थोरली म्हणाली. “जुळवायची खूण त्याने आपली आपणच शोधली म्हणे.”

“तरी मी सांगत असतो, इतर लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आपण उपग्रहावरून हाकतो. चालायचंच. परवा सुनावणी आहे ताई, तोवर पूल बाहेर काढा म्हणजे झालं.”

परवाची सुनावणी म्हटलं की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसली. त्या लांबलचक खोलीत पडदे कायमचे ओढलेले असत आणि गारवा माणसांच्या नाही, यंत्रांच्या सोयीने ठेवलेला असे. भर उन्हाळ्यातही बायका शाली पांघरून बसायच्या. कोपऱ्यातलं छपाईयंत्र दिवसभर करकरत नकाशे ओकत राही.

काम मोठं होतं आणि देखणंही होतं. एका नदीचं अख्खं खोरं, डोंगरातल्या उगमापासून खाडीपर्यंत, वरून न्याहाळायचं. कुठे किती पाणी, किती जंगल, किती वाळू, कुठली जमीन कशाच्या उपयोगाची, ते सगळं रंगांनी मांडायचं. जंगल हिरवं, पाणी निळं, शेती पोपटी. आणि जी जमीन कोणाच्याच कामाची नाही ती पडीक, पिवळी. पिवळ्या जागेवर भराव टाकून गोदामं उभारायला परवानगी मिळणार होती, आणि तीच परवानगी परवाच्या सुनावणीत पक्की होणार होती. नकाशात पिवळं फारसं नव्हतंच. जे होतं त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा, रस्त्याला लागून, पुलाच्या जवळ, गोदामवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं असा, म्हणजे लव्हाळ्याची पाणथळ.

त्या पाणथळीच्या काठावर आत्या राहत होती. आईबाप गेल्यावर तिनेच या दोघा भावंडांना वाढवलं, लव्हाळा कापून, वाळवून, चटया विणून. तिच्यासारखी चाळीसेक घरं अजून त्याच लव्हाळ्यावर जगत होती. थोरलीने शिकून उपग्रहाची चित्रं वाचायचं काम धरलं. धाकटा भाऊ तिच्या मागोमाग त्याच खात्यात आला आणि तिच्या डोक्यावरून वर गेला. आता तो खात्याचा प्रमुख होता. ऑफिसात ती त्याला साहेब म्हणायची आणि घरी गाढवा. पाणथळीचा पिवळा रंग या साहेबानेच मंजूर केला होता.

ती पिवळी झाली कशी, तेही सांगायला हवं. लव्हाळा दरवर्षी थंडी सरता सरता कापतात. कापून झाला की उरलेली खुंटं पेटवून देतात, म्हणजे ऊन तापू लागताच राखेतून नवे कोंब जोमाने येतात. उपग्रहाच्या चित्रात जिवंत पानं लाल दिसतात, आणि ही पाणथळ वर्षातला बहुतेक काळ त्या चित्रात लालभडक असते. जाळ लावल्यानंतरचे थोडे दिवस तेवढी कोळशासारखी काळी. आता धाकट्याने नियम घातला होता की विमानाचे फोटो आणि उपग्रहाचं चित्र एकाच आठवड्यातलं हवं, नाहीतर मेळ बसत नाही. नियम रास्त होता, म्हणून तर कोणाला तोंड उघडायला जागा उरली नाही. आणि विमान उडालं ते नेमकं पाणथळ जळून काळी पडली त्याच आठवड्यात. उपग्रहाच्या चित्रात प्रोग्रामला काळी, उघडी जमीन दिसली. त्याने तिला पडीक म्हटलं आणि पिवळा रंग फासून मोकळा झाला.

थोरलीने हरकत घेतली नव्हती असं नाही. तिने मागच्या सगळ्या वर्षांची लाल चित्रं धाकट्यापुढे टाकली होती. तो म्हणाला, “हुकमात सध्याची स्थिती असं लिहिलंय, ताई. इतिहास नाही.” मग नंतरच्या महिन्याचं चित्र तरी घे, म्हणाली. घेतलं, पण त्यातही लाल दिसेना. यंदा जाळ फार आधी, भर थंडीत लागला होता, आणि आलेले कोवळे कोंब थंडीने करपून गेले होते.

“आत्याने यंदा घाई केली बघ,” धाकटा हळहळत म्हणाला होता. “मला तर काडी लावायलाही जाता आलं नाही. नुसत्या मीटिंगा आणि मीटिंगा.”

पहिली काडी धाकट्याने लावायची, हा त्यांच्या घरातला शिरस्ता. बाप गेल्यावर त्याची पत्र्याची डबी, जिच्यात पाणथळीच्या दमट हवेतही काड्या कोरड्या राहत, आत्याने या पोराच्या हातात दिली होती. तेव्हा तो डबीएवढाच होता, असं आत्या अजून सांगते. साहेब झाल्यावरही त्याने ते कधी चुकवलं नव्हतं. त्यामुळे यंदा चुकलं, याचं थोरलीला वाईटच वाटलं होतं. आत्यालाही तिने फोनवर विचारलं होतं, इतक्या लवकर का पेटवलंत म्हणून. आत्या म्हणाली, “लव्हाळा ओलाच कापला गं. चटया काळ्या पडल्या, घरभर बुरशीचा वास सुटलाय.” मग कापलात कशाला, म्हटल्यावर ती नुसती हसली. “असू दे. कारण होतं.”

तर पूल. थोरलीने फोटो मोठा करत करत त्या खुणेचा माग काढला.

विमान उडायच्या आधी जमिनीवर ठरलेल्या जागी पांढऱ्या फुल्या काढतात. त्या फोटोत दिसल्या की फोटो कुठे बसवायचा ते कळतं. पुलाजवळच्या ओल्या मातीत चुना टिकत नाही, म्हणून खात्याने आपली अक्कल चालवली होती. खात्याच्या एकुलत्या एक जीपच्या छपरावर, रस्त्याचे पट्टे मारून उरलेल्या रंगाने, भली मोठी पांढरी फुली काढून ठेवली होती. उड्डाणाच्या दिवशी जीप बंधाऱ्यावरच्या ठरलेल्या दगडाशी नेऊन उभी करायची, की झाली खूण. एरवी ती धाकट्याच्या दिमतीला असे, आणि रस्त्यावरची माणसं तिला दवाखान्याची गाडी समजून हात दाखवत.

बंधाऱ्यावरचा दगड रिकामा होता.

फुली होती, पण ती बंधाऱ्यापासून लांब, पाणथळीच्या अगदी कडेला. प्रोग्राम बिचारा आपलं काम चोख करत होता. त्याने फुली बरोबर शोधली, ती दगडाशीच असणार असं धरून चालला आणि अख्खा फोटो तेवढा सरकवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. जीपच जागेवर नव्हती.

थोरलीने फोटो आणखी मोठा केला. जीपपुढे एक माणूस उभा होता, वरून पाहिलं तर डोकं, खांदे आणि जमिनीवर लांब पडलेली सावली. त्याच्या पायांपुढून धुराची बारीक रेघ नुकती निघाली होती. मागे ओळीने माणसं वाकलेली, हातात भिजवलेली पोती, आग भलतीकडे पसरू नये म्हणून. बाकीची पाणथळ अजून कापलेल्या खुंटांची, फिकट. विमानाने नेमका तो क्षण पकडला होता. एवढ्या उंचावरून चेहरा कोणाचाच दिसत नाही. पण त्या जीपची चावी एकाच माणसाच्या खिशात असते, आणि पहिली काडी लावायचा मानही एकाच माणसाचा.

थोरलीने शाल काढून खुर्चीवर फेकली.

पिक्सेल येऊन तिच्या मागे उभा राहिला. त्याला सगळं सांगावं लागलं नाही, नकाशे वाचण्यात हयात गेली होती त्याची. तो खालच्या आवाजात म्हणाला, “दुसऱ्या खुणा धरून पूल जागेवर बसवतो मी. जीप कापून टाकली तर कोणाला पत्ताही लागणार नाही. की नको?”

“त्या जीपला हात लावलास तर हात मोडून ठेवीन,” थोरली म्हणाली. “हा फोटो छाप. टेबलभर मोठा.”

पिक्सेलने दोन प्रती छापल्या. एक लहान होती, ती घेऊन थोरली दार न वाजवता साहेबाच्या खोलीत शिरली आणि त्याच्या पुढ्यात आपटली.

धाकट्याने चष्मा पुसला, लावला, पाहिलं. “जीप आहे.”

“तू मीटिंगला होतास ना?”

“मीटिंग दुपारी होती.”

“लवकर पेटवा म्हणून आत्याला तू सांगितलंस?”

“सुचवलं.”

“विमान कधी उडणार ते तुला ठाऊक होतं.”

“तारीख मीच ठरवतो ताई. ठाऊक नसायला काय झालं?” त्याचा आवाज असा गुळगुळीत होता की थोरलीला तो कागद त्याच्या तोंडात कोंबावासा वाटला. “आणि ओरडू नकोस, बाहेर माणसं आहेत. या नकाशात एक तरी गोष्ट खोटी आहे का, दाखव. त्या आठवड्यात जमीन काळी होती, आपण काळी दाखवली.”

“काळी तू केलीस! ज्या बाईने तुला वाढवलं तिच्याच हातून तिचं घर जाळून घेतलंस. केसाने गळा कापलास रे तिचा.”

“तिचे गुडघे बघितलेस का? वर्षानुवर्षं चिखलात उभं राहून पार वाकलीय ती. गोदामं आली की तिला पक्कं घर मिळणार आहे. मी बोलून ठेवलंय.”

“तिला एकटीला. आणि बाकीच्यांना? आणि पुराचं पाणी कुठे जाणार, तुझ्या डोक्यावर? लव्हाळा ते धरून ठेवतो म्हणून तुझा पूल उभा आहे, हे तूच मागच्या अहवालात लिहिलंयस! आत्याला विचारलंस तरी का?”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते थोरलीला त्या मिनिटाला कळलं. तिला काय कळतंय! तुला ताप आला तर कपाळावर कोणाचा हात हवा ते कळत होतं. तू शाळा बुडवून नदीवर पळालास की कुठल्या झुडपात सापडशील ते कळत होतं. एवढं सगळं जिभेवर आलं आणि तिथेच तापत राहिलं.

“परवा मांडणी तू करायची नाहीस,” धाकटा म्हणाला. “पिक्सेल करील. आणि आत्याला मी स्वतः घेऊन येतोय. तिथल्या लोकांची तक्रार नाही, हे सुनावणीच्या अध्यक्षबाईंना दिसलं पाहिजे.” मग तो जरा पुढे वाकला. “तिला यातलं काही सांगितलंस तर ती मोडून पडेल. ते तुझ्या डोक्यावर राहील. बघ बाई.”

पोरगा लहानपणापासूनच हुशार. ताईचं तोंड कशाने बंद होतं, हे त्याला बरोबर माहीत होतं.

संध्याकाळी आत्याचाच फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. “अगं, धाकटा गाडी घेऊन न्यायला येतोय! मोठ्या सभेला. नवी चप्पल काढू की जुनीच बरी?” थोरली म्हणाली, “नवी काढ.” फोन ठेवल्यावर तिने स्वयंपाकघरातली भांडी अशी काही आपटत घासली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन काय झालं म्हणून विचारलं.

सुनावणीचं दालन गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत गोदामवाले, इस्त्रीच्या कपड्यांत. मध्ये आत्या, नव्या चपलेत, मांडीवर पिशवी, आणि तिच्या आसपास काठावरची आणखी काही माणसं. ही मंडळी अंग चोरून बसली होती. आत्या मात्र वर व्यासपीठावर बसलेल्या धाकट्याकडे बघून मान डोलावत होती. अध्यक्षबाई मोजकं बोलणाऱ्या, नाकावर चष्मा ओढून प्रत्येक कागद स्वतः वाचणाऱ्या. पिक्सेलने पडेल आवाजात नकाशा समजावून सांगितला आणि पिवळ्या तुकड्यावर आला तेव्हा पाणी प्यायला थांबला.

थोरली उठली. मांडणी करायची नाही असं साहेब म्हणाले होते. कागद पसरू नकोस असं काही म्हणाले नव्हते. तिने गुंडाळी सोडली आणि तो टेबलभर मोठा फोटो अध्यक्षबाईंच्या पुढ्यात उलगडला.

“हा त्या पिवळ्या जागेचा फोटो आहे,” ती म्हणाली. “ज्या आठवड्यातल्या चित्रावरून रंग ठरला, त्याच आठवड्यातला.”

“बस खाली,” धाकटा दातांतून म्हणाला.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि फोटोवर वाकल्या. “ही आग लागलेली दिसते. आणि ही गाडी? कोणाची आहे?”

“आग तिथले लोक दरवर्षी लावतात,” धाकट्याने सारवासारव सुरू केली. “गाडीचं तपासून सांगतो.”

थोरलीने तोंड उघडलं. दोन दिवस तिने मनात घोटून ठेवलं होतं सगळं, एक एक शब्द चटका बसेल असा. पण तेवढ्यात कोणीतरी तिला कोपराने हलकेच बाजूला केलं. आत्या होती. सगळे फोटो बघतायत म्हटल्यावर तिलाही राहवलं नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवत ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढून आली होती.

“अगं बाई, हे तर आम्हीच की!” ती म्हणाली. तिने चष्मा चाचपला आणि अगदी कागदाला डोकं टेकवलं. “ही आपल्या धाकट्याची गाडी. फुली नाही का वर? आणि हा बघा, हा तोच उभा आहे. दरवर्षी तोच लावतो काडी, एवढासा होता तेव्हापासून. एवढा साहेब झाला तरी येतो हो.” ती अध्यक्षबाईंकडे बघून कौतुकाने हसली. “पोती घेऊन आम्ही मागे. मी यातली कुठली ते काही कळत नाही.”

“फोटोवरची तारीख भर थंडीतली आहे. तेव्हा का पेटवलंत?” अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं. “एरवी थंडी सरल्यावर पेटवतात ना?”

“फोटोसाठी!” आत्या म्हणाली. “त्याने येऊन सांगितलं, आत्या, विमान येणार आहे, आपल्या लव्हाळ्याचा फोटो मोठ्या माणसांपुढे जाणार आहे. तोवर कापून, जाळून, सगळं साफसूफ करून ठेवा, चांगला दिसला पाहिजे. मग काय, ओलाच कापला आम्ही. थोरलीला सांगू नका म्हणाला, तिला आयता बघू दे. आमच्या चटया गेल्या वाया, गेल्या तर गेल्या. लेकराचं काम होतं.”

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती आणि कान लाल झाले होते, लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे. तिला वाटलं होतं आता समाधान वाटेल. उलट राग आणखी भडकला, कारण आत्या अजून हसत होती.

अध्यक्षबाईंनी पिवळ्या नकाशावर हात ठेवून तो बाजूला सारला. “हा रंग आज मंजूर होत नाही. नवे फोटो लव्हाळा उभा असताना काढायचे, आणि तारीख मी ठरवीन.” मग धाकट्याकडे न बघता, “तुम्ही बाहेर थांबा. तुमच्याशी नंतर बोलायचंय.”

आत्याचं हसू हळूहळू विरलं. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाजूला सारलेल्या नकाशावर बोट ठेवलं.

“हे पिवळं काय गं?”

“आपली पाणथळ,” थोरली म्हणाली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. “पिवळं म्हणजे पडीक, आत्या. कोणाच्याच कामाची नाही अशी जमीन. तिथे भराव टाकून गोदामं बांधायची होती.”

“पडीक कशी? लव्हाळा आहे की तिथे.”

“विमान आलं तेव्हा नव्हता ना.”

आत्या त्या फोटोतल्या धुराच्या रेघेकडे बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला, आणि तो वेळ थोरलीने ओठ चावून काढला. मग आत्याने चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि ती पायऱ्या उतरायला लागली.

बाहेर जीपपाशी धाकटा उभा होता. त्याने नेहमीसारखं तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. “आत्या, बस. घरी सोडतो. मी सांगतो तुला सगळं नीट समजावून.”

आत्या बसली नाही. तिने हात पुढे केला.

“डबी दे.”

“कुठली?”

“काड्यांची.”

वाकून त्याने जीपचा खण उघडला, कागदांच्या खालून ती पत्र्याची डबी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. आत्याने ती पदराने पुसली, कानाशी नेऊन हलवली, आत काड्या वाजल्या. मग वळून तिने ती थोरलीच्या हातात दिली आणि तिची बोटं डबीवर मिटली.

“थंडी सरल्यावर लाव,” ती म्हणाली. “त्याआधी कोणीही सांगितलं तरी नाही.”

आणि नवी चप्पल चावत असतानाही ती बसथांब्याकडे चालायला लागली.